एक लोकल, अकरा दिवस आणि साडेपंधरा कोटी वस्तू

चला, मोजायला बसू. कागद-पेन्सिल जवळ घ्या, कारण हे बोटांवर उरकणारं प्रकरण नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टनला स्मिथसोनियन नावाची संस्था आहे. संस्था कसली, संग्रहालयांचं एक गावच आहे ते. त्यांच्या ताब्यात एकूण वस्तू किती, तर सुमारे साडेपंधरा कोटी. मांडून बघा: १५,५०,००,०००. त्यात विमानं आहेत, डायनोसॉरची हाडं आहेत, बाटल्यांतले मासे आहेत, शिंपले आहेत, कागदावर चिकटवलेली वाळकी पानं आहेत आणि टाचणीला टोचलेल्या किड्यांचे ट्रेच्या ट्रे आहेत. आता आपण एवढंच करायचं: एकेक वस्तू उचलायची, एक मिनिट बघायची, खाली ठेवायची. झोप नाही, जेवण नाही, रविवार नाही. सगळ्या बघून व्हायला किती वेळ लागेल?

२९५ वर्षं!

पटत नाही ना? मग असं बघा. १० जानेवारी १७३० या दिवशी पुण्यात शनिवारवाड्याची पायाभरणी झाली. त्या सकाळी तुम्ही पहिली वस्तू हातात घेतली असती, तर शेवटची २०२५ साली खाली ठेवली असती. वाडा बांधून झाला, पानिपत झालं, पेशवाई बुडाली, वाडा जळाला, बोरघाटातून आगगाडी वर आली, इंग्रज गेले, महाराष्ट्र झाला, आणि तुम्ही अजून ट्रेमधले भुंगेच बघताय!

बरं, हे झालं चोवीस तास डोळे फाडून बसणाऱ्याचं. नोकरदार माणूस धरू. दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस. म्हणजे वर्षाची मिनिटं उरली १ लाख २० हजार. भागाकार करा. १,२९० वर्षं. आज काम संपवायचं तर वेरूळच्या कैलास लेण्यावर पहिली छिन्नी पडायच्या आधी हजेरी लावलेली हवी. वर निवृत्ती नाही, बदली नाही, आजारपणाची रजा नाही.

आणि हे नुसतं बघणं झालं! संग्रहालयाचं काम बघून भागत नाही. वस्तू काय आहे, कशाची आहे, कुणी केली, कुठून आली, कशाला वापरत, हे लिहावं लागतं. एका वस्तूला अर्धा तास धरला तर वरच्या आकड्याला तीसने गुणा: ३८,७०० वर्षं. तेवढं मागे गेलो तर बैलही माणसाळलेला नव्हता आणि ज्वारीही कुणी पेरली नव्हती. पैशांतही बघून घेऊ. तासाला दोनशे रुपये मजुरी धरली, तर वस्तूमागे शंभर रुपये आणि एकूण १,५५० कोटी. आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे बांधायला तेव्हाच्या भावाने सोळाशे कोटींच्या आसपास खर्च आला होता. थोडक्यात, नुसत्या चिठ्ठ्या लिहिण्यात डोंगर पोखरून, बोगदे पाडून पुण्याला जायचा सगळा रस्ता खर्ची पडला!

मोठ्या संस्थेला पगार द्यायला पैसे असतात, म्हणाल. असतात थोडे. पण लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे बघा. तिथे वस्तू सुमारे ८० लाख, आणि लोकांना बघायला मांडलेल्या जेमतेम ८० हजार. शंभरातली एक. दर फुटावर एक वस्तू अशी रांग लावू. मांडलेल्या वस्तूंची रांग सीएसएमटीहून निघाली तर विक्रोळी ओलांडते आणि कांजूरमार्ग यायच्या आत संपते. चला, आटोक्यातलं आहे, सेंट्रलच्या स्लो गाडीने बघत बघत जाता येईल. आता कोठारात बंद असलेल्यांसकट रांग लावा. पुणे गेलं, परत मुंबई आली, परत पुणे, परत मुंबई... अशा आठ पूर्ण फेऱ्या मारल्या तरी शेपूट शिल्लक! रांगेची लांबी २,४०० किलोमीटरच्या वर. आणि यातल्या शंभरांपैकी नव्याण्णव वस्तू अंधारात आहेत.

आता यातली एकच हातात घेऊ. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात भारतातून गेलेले सुपारी कातरायचे अडकित्तेही आहेत. समजा, असा एक अडकित्ता कोठारात पडला आहे आणि त्याच्या नोंदीत एवढंच आहे: कापण्याचं साधन, पितळ व लोखंड, भारत. तुम्ही संगणकावर शोधायला बसलात. 'सुपारी' टाकलंत, नाही सापडला. 'पान' टाकलंत, नाही. 'लग्न' टाकलंत, नाही. 'मोराच्या आकाराचा' टाकलंत, तरी नाही. तो तिथेच आहे, त्याचा फोटोही आहे, त्याच्या मुठीवर चक्क मोर आहे, आणि तरीही तुमच्यापुरता तो हरवलेला आहे. कारण यंत्र शब्द शोधतं आणि तो शब्द कुणी लिहिलेलाच नाही. कपाट समोर आणि किल्ली गहाळ, यापेक्षा विचित्र प्रकार दुसरा नसेल.

मग हे शब्द लिहायचे कुणी? तज्ज्ञ तर मूठभर. तज्ज्ञ जे लिहितात ते त्यांच्या भाषेत: शैली, काळ, धातू, घडण. आणि तुम्ही-आम्ही काय लिहू? निळा. घोडा. पाऊस. रडणारी बाई. अमेरिकेतल्या काही कलासंग्रहालयांनी एकत्र येऊन 'स्टीव्ह' नावाचा एक प्रयोग केला. सुमारे दोन हजार साध्या माणसांना सुमारे १,८०० कलाकृतींची चित्रं दाखवली आणि म्हणाले, लिहा मनाला येईल ते. शब्द जमले सुमारे ३७ हजार. मग हे शब्द संग्रहालयांच्या आपल्या नोंदींशी ताडून पाहिले. शंभरातले ८६ शब्द नोंदींत कुठेही नव्हते! बारा डब्यांच्या लोकलमध्ये दहा डबे भरून माणसं आली आणि फलाटावरचा टीसी म्हणतोय, यातलं मी कुणालाच ओळखत नाही. बरं, हे शब्द फालतू होते का? संग्रहालयातल्या मंडळींनीच तपासले आणि बहुतेक सगळे कामाचे ठरवले. शंभरातले जवळपास अठ्ठ्याऐंशी!

म्हणजे शब्द लोकांकडे आहेत. प्रश्न एवढाच की लोक कशाला बसतील फुकट लिहीत?

इथे खरी गंमत सुरू होते. लोक फुकट बसतातच. रोज बसतात. पत्ते लावत बसतात.

लुइस व्हॉन आन हा ग्वाटेमालात जन्मलेला, अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकलेला संगणकवाला. पुढे ड्युओलिंगो काढणाऱ्या दोघांतला एक हाच. तुमच्या घरात कुणी ना कुणी त्याच्या हिरव्या घुबडाच्या ओरड्याला घाबरून फ्रेंच शिकत असेल. त्याने एक हिशेब मांडला: २००३ या एका वर्षात जगभरच्या माणसांनी संगणकावर सॉलिटेअर खेळण्यात घालवलेले तास ९०० कोटी. आकडा त्याचा, विश्वास आपला. पुढे तो म्हणतो, न्यू यॉर्कची एम्पायर स्टेट इमारत बांधायला माणसांचे तास लागले ७० लाख. जगाने पत्ते खेळण्यात तेवढे तास घालवले अवघ्या ६.८ तासांत. पनामा कालवा खोदायला दोन कोटी तास लागले. पत्त्यांच्या हिशेबात तो एका दिवसाच्या आतच खणून झाला!

९०० कोटी तास म्हणजे काय, हे डोक्यात शिरत नाही. माझ्याही शिरत नव्हतं. म्हणून विहिरीकडे चला. एका तासाला पाण्याचा एक थेंब. मिलिलिटरला वीस थेंब धरले, तर ९०० कोटी थेंबांचं पाणी होतं साडेचार लाख लिटर. दहा हजार लिटरचे ४५ टँकर. वीस फूट रुंदीची, पन्नास फूट खोल, गावाकडची चांगली भरभक्कम विहीर काठोकाठ भरली! एका वर्षाचे पत्ते, एक विहीर. आणि आता स्मिथसोनियनच्या साडेपंधरा कोटी वस्तू त्याच विहिरीत टाका, एका वस्तूला एक थेंब, म्हणजे मिनिटाऐवजी चक्क अख्खा तास. तळाशी पाणी साचतं वीतभर. फार तर वर दोन बोटं.

ज्या कामाला आपण शनिवारवाड्यापासून बसलो होतो, ते वस्तूमागे तास देऊनही वीतभर पाणी आहे. आणि जगाची करमणूक ही अख्खी विहीर!

व्हॉन आनच्या डोक्यात आलं, या विहिरीला मोट लावता येईल का? त्याने एक खेळ रचला, 'ईएसपी गेम'. नियम इतके सोपे की तिसरीतलं पोर खेळेल. दोन अनोळखी माणसं, कुठेतरी दोन संगणकांवर. दोघांना एकच चित्र दिसतं. एकमेकांशी बोलता येत नाही, एकमेकांचं लिहिलेलं दिसत नाही. समोरचा काय लिहील ते ओळखायचं आणि शब्द टाकत सुटायचं. कुत्रा? हिरवळ? चेंडू? दोघांचा एक शब्द जुळला की गुण मिळतात आणि पुढचं चित्र येतं. अडीच मिनिटं हातात, पंधरा चित्रं समोर. आणि एका चित्रावर जो शब्द आधीच जुळून गेलाय तो पुढच्या खेळाडूंना वापरायला बंदी! म्हणजे पहिली जोडी 'कुत्रा' म्हणून गेली तर दुसरीला 'पट्टा' म्हणावं लागतं, तिसरीला 'जीभ', चौथीला 'धाप'. चित्र आपोआप सोललं जातं.

लबाडीची सोय नाही, कारण जोडीदार कोण हेच माहीत नाही. अनोळखी दोन माणसं न बोलता एकाच शब्दावर येतात, तर तो शब्द चित्रात असणारच. पंच नको, तपासनीस नको, पगार तर नकोच.

पहिल्या चार महिन्यांत हा खेळ १३,६३० माणसं खेळली. तीन लोकलसुद्धा भरणार नाहीत एवढी. त्यांनी २,९३,७६० चित्रांना १२,७१,४५१ शब्द चिकटवले. पावणेतेरा लाखांच्या आसपास! कुणालाही एक दमडी न देता! उलट लोक उठायला तयार नव्हते. आणि मग व्हॉन आनने आपल्या शोधनिबंधात ते वाक्य लिहिलं, जे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो: पाच हजार माणसं सतत खेळत राहिली, तर त्या वेळच्या गूगलवरची सगळीच्या सगळी साडेबेचाळीस कोटी चित्रं ३१ दिवसांत उरकतील. प्रत्येकाला एक एक शब्द.

पाच हजार माणसं म्हणजे किती, हे मुंबईकराला सांगायला नको. सकाळी साडेआठची एक बारा डब्यांची फास्ट लोकल, दारातून बाहेर लोंबकळणाऱ्यांसकट. एक गाडी! जगाच्या चित्रांना नाव द्यायला एक गाडी, एक महिना! हा आकडा मनात गाठ मारून ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

संग्रहालयवाल्यांच्या कानावर हे गेलं नसतं तरच नवल. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने २००८ साली शब्द जोडायचा खेळ काढला, नाव ठेवलं 'टॅग! यू आर इट!', म्हणजे आपल्याकडे पकडापकडीत ओरडतात तसं 'तुझ्यावर राज्य'. म्युनिकच्या विद्यापीठाने 'आर्टिगो' काढला, त्यात चित्रकलेचे हजारो नमुने आणि लाखो शब्द. नेदरलँड्समध्ये दूरचित्रवाणीच्या जुन्या फितींवर 'वाइस्डा?' नावाचा खेळ लावला. सहाशेच्या आसपास फिती, काही महिने, आणि शब्द तीन लाखांच्या वर! एका फितीला पाचशे शब्द. आपल्या लग्नाच्या व्हिडिओला कुणी इतकं निरखून पाहत नाही.

पण चित्र, फीत, कुत्रा, हिरवळ, हे सगळं सोपं आहे. संग्रहालयाची खरी डोकेदुखी देखण्या वस्तू नसतातच. मिया रिज या बाईंनी नेमका हाच दुखरा भाग पकडला. त्या लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये काम केलेल्या. त्यांनी खेळासाठी वस्तू निवडल्या त्या खगोलशास्त्राच्या इतिहासातल्या, लंडनच्या सायन्स म्युझियमच्या आणि सिडनीच्या पॉवरहाऊस म्युझियमच्या. पितळी नळ्या, काचा, स्क्रू, अंशांच्या खुणा असलेली वर्तुळं. एकासारखं एक. बघून सामान्य माणूस म्हणणार, काहीतरी शास्त्रातलं दिसतंय, आणि पुढे जाणार.

मग त्यांनी डोरा उभी केली. डोरा ही संग्रहालयातली नवी, धांदरट मुलगी. तिच्याकडून नोंदी हरवल्यात आणि साहेबांना कळायच्या आत त्या पुन्हा जमवायच्यात. तिला मदत करा! बस, एवढीच गोष्ट. पण त्या एका गोष्टीने 'या वस्तूचं वर्णन करा' या कंटाळवाण्या हुकमाची 'बिचारीला वाचवा' अशी हाक झाली. दुसऱ्या खेळात डोनाल्ड होता. त्याला नुसते शब्द नको होते, वस्तूबद्दलची एखादी पक्की माहिती शोधून आणून द्यायची होती, कुठून मिळाली त्यासकट. डोरासाठी वेळ मिनिटांत जायचा, डोनाल्डसाठी चांगलीच बैठक मारावी लागायची. शब्द हजारोंनी आले, माहिती डझनांनी. साहजिक आहे. वाटेतला दगड उचलणं वेगळं आणि विहीर खोदणं वेगळं.

रिजबाईंचे आकडे व्हॉन आनपुढे चिमुकले वाटतील. हजारांवर डाव, सहा हजारांवर शब्द. पण थांबा, दुसऱ्या बाजूने बघा. हे सरासरी वस्तूमागे १८ शब्द पडतात. पितळेच्या एका कंटाळवाण्या नळीला १८ शब्द! तुम्ही आत्ता तुमच्या घरातल्या मिक्सरसाठी अठरा शब्द लिहून दाखवा. मी प्रयत्न केला. नऊवर गाडी अडकली, दहावा 'आवाज' होता.

आता थोडं उत्तरेला, फिनलंडला. हे संग्रहालय नव्हे, तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय. पण गोष्ट याच घरातली आहे आणि मला फार आवडते. त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकातली वर्तमानपत्रं होती. यंत्राने पानं वाचून घेतली, पण जुनी वळणदार अक्षरं, फुटकी शाई, पिवळा कागद. यंत्र जागोजाग ठेचकाळलं. नव्या पिढीच्या हातात मोडी कागद दिल्यावर होतं तसं. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी 'डिजिटलकोत' सुरू केलं. फिनिश भाषेत 'ताल्कोत' म्हणजे शेजारपाजाऱ्यांनी जमून बिनपैशाने एकाचं काम उरकून देणं. आपल्याकडे शेतावर इर्जिक बोलावतात, अगदी तेच. दहा घरांची औतं एका रानात, आणि दुपारी धन्याकडे जेवण.

इथे जेवणाऐवजी चिचुंद्र्यासारखे दिसणारे मोल होते. बिळातले हे प्राणी पडद्यावर एकामागून एक ओढा ओलांडायला येतात आणि पूल अर्धवट असतो. तुम्हाला जुन्या वर्तमानपत्रातला एक शब्द दिसतो. बरोबर टाइप केला की पुलाचा एक ठोकळा पक्का. चुकलात की पूल ढासळतो आणि मोल धपाधप खाली! फिनलंडची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ५४ लाख, आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. आणि दीड-पावणेदोन वर्षांत हे मोल वाचवायला आले जवळपास १,१०,००० लोक! सगळे फिनलंडचेच धरले तर दर पन्नास माणसांत एक. महाराष्ट्राच्या मापाने बोलायचं तर साडेबावीस लाख माणसं. त्यांनी शब्दांची कामं उरकली ८० लाखांच्या वर.

आणि कामाचा दर्जा? यंत्राची अचूकता शंभराला पंच्याऐंशीच्या घरात. या मोल वाचवणाऱ्यांची नव्याण्णवच्या वर! शंभर शब्दांत पंधरा खडे होते तिथे एक राहिला. घरी तांदूळ निवडतानासुद्धा आपलं प्रमाण एवढं चांगलं नसतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद कोट्यवधी आहेत, ही आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचीही तऱ्हा बघून घ्या, घाईत. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी जुन्या सुमारे ६५ हजार ग्रंथांमधून यंत्राने कापून काढलेली १०,२०,४१८ चित्रं सगळ्या जगाला खुली केली. चित्र कुठल्या पुस्तकातलं, कुठल्या पानावरचं हे ठाऊक. चित्रात काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही! दहा लाख चित्रं आणि त्यांत हत्ती कुठे, नकाशा कुठे, राणी कुठे, पत्ता नाही. मग यातलीच जहाजांची चित्रं घेऊन अमेरिकेतल्या डार्टमथच्या मंडळींनी 'शिप्स टॅग' नावाचा खेळ केला. शिडाचं की वाफेचं, डोलकाठ्या किती, वादळ आहे की शांत.

बरं. आता ती मनातली गाठ सोडा. पाच हजार माणसांची एक लोकल.

पाच हजार म्हणजे अडीच हजार जोड्या. व्हॉन आनच्या मोजणीत एक जोडी मिनिटाला जवळपास चार शब्द जुळवते. सगळी गाडी मिळून मिनिटाला पावणेदहा हजार. या गाडीला आपण संग्रहालयांच्या रुळांवर सोडू. सगळ्यांचे फोटो तयार आहेत असं धरू आणि वस्तूला एकच शब्द मागू, जास्त हाव नको.

ब्रिटिश लायब्ररीची दहा लाख वीस हजार चित्रं: पावणेदोन तास. पुण्याहून निघालेली डेक्कन क्वीन घाट उतरते न उतरते तोवर खलास!

ब्रिटिश म्युझियमच्या ८० लाख वस्तू, ती मुंबई-पुणे आठ फेऱ्यांची रांग: पावणेचौदा तास. संध्याकाळी सहाला दिवे लावून बसलात तर सकाळी आठच्या आत शेवटच्या मडक्याला नाव मिळून चहा समोर!

आणि स्मिथसोनियन? ते २९५ वर्षांचं प्रकरण? बाजीरावाच्या पायाभरणीपासून आजपर्यंतचं? भागा १५ कोटी ५० लाखांना. अकरा दिवस. अकरा! चतुर्थीला गणपती बसवला, आरती झाली, मोदक झाले, गौरी आल्या, गौरी गेल्या, आणि अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या गुलालात पाय ठेवेपर्यंत साडेपंधरा कोटी वस्तूंपैकी एकही बिननावाची उरली नाही. भुंगेसुद्धा!

अजून एक, शेवटचं. या अकरा दिवसांत गाडीभर माणसांचे एकूण तास लागले सव्वातेरा लाखांच्या आसपास. त्यांचे थेंब करा. ६६ लिटर. पंधरा लिटरची एक अशा साडेचार घागरी. वीस फूट रुंद, पन्नास फूट खोल, काठोकाठ भरलेल्या विहिरीतून साडेचार घागरी! सन २००३ मध्ये जगाने सॉलिटेअर खेळायचं फक्त एक तास अठरा मिनिटं थांबवलं असतं, तर काम झालं असतं. एक मराठी नाटकसुद्धा मध्यंतरापर्यंत पोहोचत नाही तेवढ्यात.

अर्थात एका शब्दाने वस्तू कळत नाही, हे मलाही कळतं. मिनिटाला पावणेदहा हजार शब्द पाडणारी गाडी 'घोडा' म्हणेल. तो घोडा कुणाचा, लगाम कुठल्या बनावटीचा, हे डोनाल्डचं काम आणि ते सावकाशच होणार. शिवाय ज्या वस्तूचा फोटोच नाही तिच्यापुढे पाच हजार काय आणि पाच कोटी काय, सगळे आंधळे. फोटो काढायला कोठारात माणूसच जावा लागतो, हातमोजे घालून, एका वेळी एक वस्तू. तिथे लोकल पोहोचत नाही.

राहता राहिलं आपलं घर. पुण्यात बाजीराव रस्त्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. एका माणसाने गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि जुन्या बाजारांतून जमवलेल्या वीस हजारांवर वस्तू, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या. दिवे, कुलपं, वाद्यं, आणि अडकित्ते तर विचारू नका. आपल्या लोकल गाडीला हे काम द्यायचं म्हटलं तर वेळ लागेल दोन मिनिटं. पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागे घाटाची इंजिनं लागतात, आणि तुम्ही खिडकीतून वडापाव घेऊन सुटे पैसे मोजता, तेवढाच.

पण लोकलची वाट बघायचं कारण नाही. एखाद्या रविवारी आजीला घेऊन तिथे जा. अडकित्त्यांच्या कपाटासमोर तिला उभी करा आणि गप्प राहा. ती पानाच्या तबकाबद्दल बोलेल, चुनाळ्याबद्दल बोलेल, कुणाच्या तरी लग्नात हरवलेल्या अडकित्त्याबद्दल बोलेल, सासऱ्यांना सुपारी कशी बारीक लागायची ते सांगेल. खिशात वही ठेवा आणि एकेक शब्द तारखेसकट लिहून घ्या. शंभरातले ८६ अजून कुठल्याच नोंदीत नसतील.